काउंटरवरचा पोकळ फोन

मी एक जुना मोबाइल फोन आहे. मित्रांनो, लगेच माझा नंबर विचारू नका. मला नंबरच नाही. माझ्या पोटात बॅटरी नाही, सिमकार्डाच्या जागी नुसती रेघ कोरलेली आहे आणि माझ्या पडद्यावरचे डोंगर आणि घड्याळ म्हणजे चिकटवलेले छापील चित्र आहे. दुकानदार मला 'डमी' म्हणतात. रंगरूप सगळे खऱ्यासारखे आणि आत काही नाही, असा मी. मी एकदाही वाजलो नाही. तरी माझ्याजवळ सांगण्यासारखे थोडे आहे, कारण जो वाजत नाही त्याच्यासमोर माणसे बिनधास्त बोलतात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पलीकडच्या पट्ट्यावरून खरे फोन सरकत जायचे. त्यांना तपासायला किती यंत्रे, किती डोळे! आमच्या पट्ट्यावर एकच बाई होती. ती आम्हाला तळहातावर तोलून बघायची. मी तिला हलका वाटलो, म्हणून तिने माझ्या पोटात लोखंडाची एक पट्टी बसवायला लावली आणि शेजारणीला म्हणाली, "हातात घेतल्यावर कुणाला शंका यायला नको, एवढंच बघायचं." माझी परीक्षा तेवढीच. माझी पाठ मात्र खऱ्या काचेची होती. गडद निळी, अशी चकचकीत की त्या बाईने तिच्यात बघून केसांची पिन नीट केली.

खऱ्या भावंडांच्या आधीच आम्ही डमी खोक्यांत बसून निघालो. नवा फोन बाजारात यायचा तर आधी तो दिसायला हवा ना. मी एका छोट्या दुकानात पोहोचलो. एका बाजूला औषधांचे दुकान, दुसऱ्या बाजूला चष्म्यांचे, आणि मध्ये चिंचोळे असे आमचे. मला काउंटरवर एका तिरक्या ठोकळ्यावर बसवले आणि पोरगा पळून जाऊ नये म्हणून बांधावे तसे बारीक तारेने काउंटरला बांधले.

दुकानात माणसे दोनच. मालक आणि काउंटर सांभाळणारी ताई. मालक गोड बोलणारे होते. प्रत्येक प्रश्नाला त्यांचे एकच उत्तर असे, "आलाच समजा!" कव्हर आलेच समजा, चार्जर आलाच समजा. ताई सव्वीस-सत्तावीस वर्षांची, कमी बोलणारी. ती रोज सकाळी मऊ फडक्याने माझी पाठ पुसायची आणि बोटांचे ठसे गेले का ते उजेडात धरून बघायची. माझ्या आयुष्यात मला मिळालेले कौतुक बहुतेक दुकानातल्या पहिल्या वीस दिवसांतले. लोक यायचे, मला उचलायचे, गालाशी धरायचे, माझ्यात बघून भांग नीट करायचे. "काय हलका आहे!" म्हणायचे. "काय जड आहे, दणकट दिसतो," असेही म्हणायचे. मी तोच होतो.

एक तारखेला बुकिंग सुरू झाले. शटर अर्धेच वर गेले होते, तेवढ्यात एक काका वाकून आत आले. साठीच्या आसपासचे, हाडकुळे, नखांच्या कडांना लाल आणि पांढरा रंग लागलेला. ते पाट्या रंगवायचे, म्हणून सगळी गल्ली त्यांना पेंटरकाका म्हणायची. त्यांनी मला हातही लावला नाही. आधी ताईला विचारले, "हा बोललेलं लिहून दाखवतो म्हणे. खरं का?"

"हो काका. समोरचा बोलेल ते पडद्यावर मोठ्या अक्षरांत येतं. इंटरनेट नसलं तरी."

"तोंड उशीत खुपसून कुणी बोललं तर?"

ताईने माहितीपत्रक उलटसुलट केले. "लांबून आणि हळू बोललेलंही येतं असं लिहिलंय. मी स्वतः पाहिलेलं नाही, काका."

मागून मालक म्हणाले, "येतं म्हणजे काय! मुंगीची कुजबुजसुद्धा पकडतो. बारा तारखेला तुमच्या हातात आलाच समजा!"

काकांनी मग सगळे सांगितले. दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्यांच्या बायकोचे दोन्ही कान गेले. काकू कपडे लहानमोठे करून द्यायच्या. कान गेल्यावरही त्यांनी मशीन सोडले नाही. आरशासमोर नवऱ्याला बसवून, एकेक शब्द बोलायला लावून, त्या ओठ वाचायला शिकल्या. आता गिऱ्हाइकांशी थोडे अडत असे, पण नवऱ्याशी अजिबात नाही. सगळे सुरळीत चालले होते. मग एके दिवशी पाटी रंगवताना काकांना आपण ओढलेली शिरोरेघ मध्येच वाकडी दिसली. त्यांनी ती पुसली, पट्टी लावून पुन्हा ओढली, तरी वाकडीच. पाटीवाला दुकानदार म्हणाला, "अहो, सरळ तर आहे!" डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितले, डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध बारीक भोक पडले आहे. ऑपरेशन पंचवीस तारखेला. त्यानंतर आठ दिवस पालथे पडून राहायचे, तोंड जमिनीकडे. जेवायला उठायचे तेही मान खाली घालूनच.

"मान वर केली की सगळं मुसळ केरात," काका म्हणाले. "आणि माझं तोंड खाली, म्हणजे हिला माझे ओठ दिसणार नाहीत. औषध हवं, पाणी हवं, दुखतंय, काहीही कळायचं नाही. माझ्या जुन्या फोनवर करून पाहिलं. मी म्हणालो 'पाणी दे', तर त्यानं लिहिलं 'राणी ये'. ही दोन दिवस हसत होती."

ताई हसली नाही. तिने वही उघडली आणि पहिल्या ओळीवर काकांचे नाव लिहिले. समोर आकडा घातला, एक.

संध्याकाळपर्यंत एकतीस नावे झाली.

बारा तारीख आली. खरे फोन आले नाहीत. सगळ्या गिऱ्हाइकांच्या फोनवर कंपनीचा निरोप आला: अभिनंदन! तुमची प्रतीक्षा आता संपत आली आहे. मालकांनी सतरा तारीख सांगितली. सतराला पुन्हा अभिनंदन आले आणि मालकांनी वीस सांगितली. विसाला ते दुपारी जेवायला गेले ते दुकान बंद होईपर्यंत परतलेच नाहीत. लोकांसमोर ताई उभी होती आणि तारेला बांधलेला मी.

मित्रांनो, माणूस वाट बघून वैतागला की समोर जे सापडेल त्याच्यावर राग काढतो. आमच्याकडे एक व्यायामशाळा चालवणारे गृहस्थ यायचे. त्यांनी जुना फोन भाच्याला देऊन टाकला होता आणि आता भाच्याकडून रोज तासाभरासाठी उसना मागून आणत होते. ते एकदा माझ्याकडे बोट दाखवून गरजले, "हा काय समोर दिसतोय की! हाच द्या."

"हा आतून पोकळ आहे, साहेब."

"तुमच्या तारखांसारखा?" असे म्हणून त्यांनी मला काउंटरवर असे आदळले की माझ्या कोपऱ्याचा टवका उडाला. तो टवका आजही तसाच आहे.

एक प्राध्यापक यायचे. ते आवाज चढवत नसत. खिशातून छोटी डायरी काढून म्हणत, "बाई, तुमचे 'दोन दिवस' आतापर्यंत नऊ दिवसांचे झालेत. मी फक्त नोंद करतोय." मला वाटते, ताईला आदळआपट परवडली असती. ती डायरी निघाली की ती खालमानेने चार्जरच्या वायरी गुंडाळत बसायची.

तिने कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. आधी यंत्रातली बाई म्हणाली की आपला फोन आमच्यासाठी फार मोलाचा आहे. मग वीस मिनिटे बासरी वाजली. मग एक तरुण आवाज आला.

"तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे, मॅडम."

"तक्रार गेल्याच आठवड्यात नोंदवली होती. तिचं काय झालं?"

"ती बंद करण्यात आली आहे."

"का?"

"तिला सात दिवस पूर्ण झाले म्हणून."

ताईने फोन ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. माझ्याकडे लोक बघायचे तशीच.

पेंटरकाका एक दिवसाआड येत. ते भांडत नसत. "आलाय का?" एवढेच विचारत आणि जाताना "बरं" म्हणत. पण ते 'बरं' दर खेपेला बारीक होत चालले होते.

एकवीस तारखेला ते काकूंना घेऊन आले. काकू ठेंगण्या, ठसठशीत, गळ्यात मापाची टेप तशीच राहिलेली. त्या काउंटरसमोर ताठ उभ्या राहिल्या आणि ताईच्या तोंडाकडे एकटक बघू लागल्या. ताई नेहमीप्रमाणे बोलायला लागली. तिचे एक-दोन शब्द झाले असतील-नसतील, काकूंनी हात वर केला.

"थांब पोरी. 'उद्या' म्हणणार होतीस ना? हा शब्द मला आता ओठ नीट न बघताही कळतो. हे घरी येऊन मला तेच सांगतात, आणि सांगताना यांचे ओठ तुझ्यासारखेच होतात. कसनुसे."

काका मध्ये पडले, "अगं, तिच्या हातात काय आहे?"

"तिच्या हातात नाही हे मला दिसतंय. पण मग तिनं तसं सांगावं." काकू पुन्हा ताईकडे वळल्या. "हे बघ, हा माणूस आठ दिवस गप्प बसणारा नाही. बोलणार, आणि मला कळलं नाही की चिडणार. चिडून मान वर केली तर डोळा जाईल. आणि गप्प बसले तर आम्ही दोघं आठ दिवस एका खोलीत, आणि दोघंही एकटे. मला फक्त एवढं सांग, फोन येणार आहे की मी दुसरं काही बघू? चार दिवस राहिलेत."

दारातून मालक म्हणाले, "वहिनी, उद्या आलाच समजा!"

ते काकूंच्या पाठीमागे होते, त्यामुळे त्यांना ते कळले नाही. कुणी सांगितलेही नाही.

दुसऱ्या दिवशी ताईने माल पाठवणाऱ्या वितरकाला गाठले. त्याला ती ओळखत होती. तो आधी इकडचे तिकडचे बोलला, मग म्हणाला, "तुला म्हणून खरं सांगतो. पहिला सगळा माल मोठ्या दुकानांना गेलाय. छोट्यांची यादी वर कुणी उघडूनही बघितली नाहीये. तारीख आम्हालाच नाही."

"मग मी लोकांना काय सांगू?"

"सांगत राहा उद्या. दुसरं काय सांगणार?"

ताई मालकांकडे गेली. "सर, मी एकतीसही जणांना फोन करून खरं सांगणार आहे."

"डोकं फिरलं का तुझं? निम्मे लोक बुकिंग रद्द करतील."

"करू देत."

"अगं, दुकान तुझं का माझं?"

"दुकान तुमचंच आहे, सर. पण त्यात उभं राहून जे खोटं बोलतं ते तोंड माझं आहे."

मालक लाल झाले. त्यांनी माझ्याकडे बघितले. "ते ध्यान आधी समोरून काढ. त्याला बघूनच लोकांचं डोकं फिरतं." ताईने कात्रीने माझी तार तोडली आणि मला आपल्या पर्समध्ये टाकले. कंगवा, घराच्या किल्ल्या आणि सर्दीच्या गोळ्या यांच्यामध्ये पडून मी पुढचे फोन ऐकले.

प्रत्येकाला तिने तेच सांगितले. "फोन कधी येईल मला माहीत नाही. आम्हाला कुणी तारीख दिलेली नाही. आधी सांगितल्या त्या तारखा अंदाजाच्याही नव्हत्या. चुकलं आमचं." नऊ जणांनी बुकिंग रद्द केले. व्यायामशाळावाले इतके ओरडले की पर्समध्येही मला शब्दन् शब्द कळला. मग ओरडून झाल्यावर म्हणाले, "ठीक आहे, मी भाच्यालाच नवा घेऊन देतो आणि माझा परत घेतो." प्राध्यापक म्हणाले, "'माहीत नाही.' बाई, तुमची ही पहिली तारीख मला पटली."

पहिल्या ओळीवरच्या नावाला मात्र तिने फोन केला नाही. दुकान बंद झाल्यावर ती तिकडे चालत गेली.

पेंटरकाकांचे घर दोन गल्ल्या पलीकडे, अरुंद जिना चढून पहिल्या मजल्यावर होते. बाहेरच्या खोलीतच काकूंचे काम चाले. खिडकीशी मशीन, कोपऱ्यात पडदा लावून कपडे घालून बघायची जागा, खडूने माखलेले टेबल. खोलीच्या मधोमध काकांनी आपली तयारी करून ठेवली होती. दोन लाकडी घोड्यांवर जुन्या पाटीची जाड फळी, तिच्या एका टोकाला चेहरा मावेल एवढे गोल भोक, आणि त्या भोकाच्या कडेवर काकूंनी शिवलेली चुंबळीसारखी मऊ उशी.

ताई बसली नाही. काकूंच्या समोर उभी राहून तिने ओठ सावकाश हलवत सांगितले, "काकू, फोन येणार नाहीये. पंचवीसच्या आत तर नाहीच. पुढे कधी, तेही मला माहीत नाही. मी आधीच सांगायला हवं होतं."

काकू खुर्चीत टेकल्या. त्यांनी मापाची टेप गळ्यातून काढली, गुंडाळली आणि टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. आता निदान दुसरं काही शोधता तरी येईल."

पण दुसरे काय, ते कुणालाच सुचत नव्हते. काका म्हणाले, मी चिठ्ठ्या लिहीन. काकू म्हणाल्या, "पालथं पडून? लिहायला खाली वाकून बघणार, डोळ्यावर ताण देणार, आणि डॉक्टर मला ओरडणार." काका म्हणाले, फळीवर टकटक करीन. काकू म्हणाल्या, "मला ऐकू येत नाही, विसरलात वाटतं?" काकांनी कपाळावर हात मारून घेतला.

ताई रुमाल काढायला गेली आणि पर्समधून मी टेबलावर पडलो, पालथा.

"हा घेऊन आलीस होय?" म्हणत काका माझ्यावर वाकले. त्यांना सगळेच मधोमध फाटलेले दिसत होते, म्हणून ते खूप खाली वाकले. माझ्या गडद निळ्या पाठीवर त्यांचे तोंड उमटले. ते स्वतःशीच पुटपुटले, "एवढ्याशा डबड्यासाठी तीन आठवडे नाचवलं आपल्याला."

"नाचवलं तर नाचवलं," काकू म्हणाल्या. "आता डबड्याला कशाला नावं ठेवता?"

काका तसेच वाकलेले राहिले. काकूंच्या बाजूने त्यांचे नुसते डोके दिसत होते. ताईने एकदा काकूंकडे बघितले, एकदा काकांकडे. "काकू," ती म्हणाली, मग आपण काकूंच्या समोर नाही हे लक्षात येऊन पुढे झाली, "काकू, ते काय बोलले हे तुम्हाला कसं कळलं?"

काकू माझ्याकडे बघत होत्या. त्या उठल्या, पडद्यामागे गेल्या आणि गिऱ्हाइकाला पाठ दाखवायचा लांबट आरसा घेऊन आल्या. फळीखाली जमिनीवर त्यांनी तो ठेवला आणि त्याच्या एका कडेखाली कापडाची घडी सरकवून तिरका केला. मग मशीनवर जाऊन बसल्या. "पडा पालथे," त्यांनी हुकूम सोडला.

काका पडले. भोकातून त्यांचे तोंड आरशात आले. पहिल्यांदा नुसती हनुवटी दिसत होती. ताईने घडी थोडी मागे ओढली.

"आता बोला काहीतरी."

काका बोलले. काकूंनी डोळे बारीक केले. "भूक लागली म्हणताय? आत्ता तर जेवलात!"

फळीखालून काकांचे हसणे आले आणि त्या हसण्याने सगळी फळी हलली.

ताई त्या संध्याकाळी मला तिथेच विसरून गेली. सकाळी काकूंनी मला कापडाच्या कागदी नमुन्यांवर वजन म्हणून ठेवले, आणि पोटातली ती लोखंडी पट्टी पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडली. म्हणूनच ऑपरेशननंतरचे आठ दिवस मला बघायला मिळाले.

ते दिवस सोपे गेले असे मी म्हणणार नाही. ऑपरेशन नीट झाले, पण पहिल्या दिवशी काकांची मान आखडली आणि ते आरशात बघून एवढे चिडले की काकूंनी आरसाच उलटा करून ठेवला आणि अर्धा तास नुसते मशीन चालवले. नंतर त्यांनीच तो पुन्हा सरळ केला. काकांच्या श्वासाने काच धुरकट व्हायची, ती दर थोड्या वेळाने पुसावी लागे. 'गार पाणी' म्हटलेले काकूंना 'चार राणी' वाटले, तेव्हा त्या म्हणाल्या, "एक सांभाळताना नाकी नऊ आलेत तुमच्या!" चौथ्या दिवशी दुपारी आरशावर थेंब पडायला लागले. काकूंना वाटले, लाळ असेल. फडके घेऊन त्या खाली बसल्या आणि वाकून भोकाकडे बघितले. मग त्यांनी काच पुसली नाही. फळीखाली हात घालून त्यांनी काकांचा चेहरा तळहातांत धरून ठेवला, बराच वेळ. खिडकीतले ऊन मशीनवरून टेबलावर आले, तरी त्या उठल्या नाहीत.

काका काय म्हणाले ते मला ऐकू आले होते. ते म्हणत होते की पाटी परत रंगवता आली नाही तर? काकूंना ते दिसले नव्हते, आरशात पाणी होते. तरी त्या म्हणाल्या, "नाही जमलं तर काजं करायला शिकवीन. हात स्थिर आहेत तुमचे."

आठ दिवसांनी डॉक्टरांनी तपासले. भोक बुजले होते. रेघा अजून किंचित लहरत होत्या, पण त्या हळूहळू बसतील असे ते म्हणाले.

खरे फोन आले ते बुकिंगनंतर त्रेचाळीस दिवसांनी. तीनच आले. ताईने वही उघडून पहिल्या ओळीला फोन केला. काका-काकू मला परत करायला म्हणून पिशवीत घालून घेऊन गेले. दुकानात गर्दी होती. ताईने खोके उघडले, फोन सुरू करून काकूंच्या हातात दिला आणि बोललेले लिहायचे बटण दाबले. काकू पडद्यावर बोट फिरवत हळूहळू सगळे समजून घेत होत्या.

मालक पलीकडून ताईला दबक्या आवाजात काहीतरी म्हणाले, आणि काकूंनी पडद्यावरचे जसेच्या तसे मोठ्याने वाचले: "या दोघांना लवकर उरक. बाहेर रांग लागलीय. ही म्हातारी अजून चाचपतेच आहे."

रांगेतली सगळी डोकी मालकांकडे वळली.

काका पुढे झाले, चष्मा वर करून पडद्यावर डोळा लावला आणि म्हणाले, "बघू, बघू. 'म्हातारी'ची वेलांटी बरोबर आहे का? हां, दुसरीच आहे. फोन चांगला आहे हो!"

मालकांनी मुकाट्याने एक कव्हर काढून काकूंपुढे सरकवले. खोटे कशाला सांगू, ते चांगले कव्हर होते.

मला मात्र कुणी परत घेतले नाही. खरे आल्यावर डमीला कोण विचारतो? ताई म्हणाली, "राहू दे काकू, तुमच्याकडेच ठेवा." म्हणून मी अजून खडूने माखलेल्या टेबलावर कागद धरून बसलेलो असतो. माझा कोपरा तुटका आहे, छापील डोंगर फिके पडले आहेत. ताईचे आणि मालकांचे काही दिवस जमले नाही, मग जमले. आता कुणी तारीख विचारली की मालक तिलाच पुढे करतात, असे ऐकतो.

मित्रांनो, मी वस्तू आहे. वस्तूने उपदेश करू नये. पण गेल्या आठवड्यात झाले ते सांगतो. एक मुलगी नवा झगा कमरेत लहान करायला घेऊन आली. घाईत होती. "काकू, गुरुवारी मिळेल ना? शुक्रवारी घालायचाय. नक्की?" तिने विचारले. काकूंनी फोनवर वाचले, खुंटीवरच्या कपड्यांच्या ढिगाकडे बघितले आणि म्हणाल्या, "गुरुवारी नाही होणार, बाळ. शनिवारी होईल असं वाटतं, पण शब्द देत नाही. नको असेल तर दुसरीकडे दे, मला राग नाही."

मुलीचे तोंड पडले. ती दारापर्यंत गेली, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली, थांबली. मग परत वर आली, झगा टेबलावर माझ्याशेजारी ठेवला आणि म्हणाली, "राहू दे. तुम्ही खरं सांगितलंत, म्हणजे मला शुक्रवारी दुसरं काहीतरी घालायला शोधता येईल."

माझी तुमच्याकडे एवढीच मागणी आहे. काउंटरवर कुणी उभे असेल तर त्याच्यावर ओरडण्याआधी बघा, त्यालाही कुणी तारीख दिलेली नसेल. आणि कधी तुम्ही काउंटरच्या आतल्या बाजूला उभे राहिलात, आणि समोरच्याला द्यायला तुमच्याजवळ काही नसेल, तर निदान 'माहीत नाही' हे तरी द्या. ते घेऊन माणूस घरी जातो आणि कामाला लागतो.